शिंप्याच्या वहीतला सोमवार

मुलुंडच्या बाजारात जिन्याखाली बसणाऱ्या त्या शिंप्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलायचं झालं की तो तोंडातल्या टाचण्या एका गालात सरकवायचा.

कोकणातल्या त्याच्या छोट्या गावात सोमवारी दुपारी खून झाला. दोनच दिवसांत मोबाइलवर एक फोटो फिरू लागला, 'हाच खुनी.' मीही तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि शिंप्याला दाखवला.

"अहो, हा आमचा बँडवाला! सोमवारी दुपारी इथे उभा होता, कोटाचं माप देत."

त्याने मापांची वही उघडली. तारीख तीच होती. माझा चेहरा उतरला. त्याने लगेच गावच्या पोलिसांना फोन लावला. पोलिसांना बँडवाल्याचा संशय नव्हताच, पण त्याच्या घराबाहेर गर्दी जमली होती. शिंप्याने पाठवलेला वहीतल्या पानाचा फोटो पोलिसांनी गर्दीला दाखवला, तेव्हा कुठे लोक पांगले.

"आता तुम्हीही लिहा, चूक झाली म्हणून," शिंपी म्हणाला.

मी लिहिलं. ग्रुपवर लगेच प्रश्न आला, "मग खुनी कोण?"

मी शिंप्याकडे पाहिलं. तो खळखळून हसला.

"माहीत नाही म्हणून लिहा ना. लाजताय काय?"

मी तसंच लिहिलं. त्या ग्रुपवर हे वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी लिहीत होतं.