हार घातलेला लखू

तुमच्या घरातल्या भिंतीवर जिवंत माणसांचे फोटो किती? खरं सांगा. आमच्या कुंभारवाड्याकडच्या रानातल्या वाड्यांवर एकही सापडणार नाही. माणूस गेला की फोटो मोठा करून आणायचा, चौकटीत घालायचा, हार चढवायचा. जिवंत माणसाला कोण टांगतो?

हे रामनगरातल्या शिल्पाबाईंना ठाऊक नव्हतं. बाई बेळगावच्या. जुन्या लाकडाच्या वखारीत त्यांनी चित्रशाळा काढलीय, आणि तिथं फक्त आपल्याच लोकांचे चेहरे. कंडक्टर, चहावाली, हमाल. रविवारी घरच्यांनी पोरांना घेऊन यायचं, चित्रं बघायची, पोरांनीही काढायची. मला वाटलं, आमच्या पोरांनी कधी बघायचं हे? म्हणून जीप भरली. फुलाक्का यायला तयार नव्हती.

"चित्रं बघून पोट भरतंय काय गं इंदू?"

"नातीला कोण सांभाळणार? चल गप."

फुलाक्काचा नवरा धाकलू रानात झाड तोडताना गेला, तेव्हा लेक केशर चालायला शिकत होती आणि लखू पाळण्यात होता. हिनं भात लावला, कंद खणून जोयड्याच्या बाजारात विकले. जंगलखात्याच्या गार्डानं एकदा टोपली अडवली तर त्याला म्हणाली, "खण की तू, मग कळंल कुणाचं हाय ते." रानाच्या हक्कासाठी काढलेल्या आमच्या मोर्चात पहिली घोषणा हिची. ही बाई गप बसलेली मी कधी बघितली नव्हती.

लखू मोठा झाला आणि कामाला गोव्यात गेला. आधी फोन यायचे. मग फोनच बंद. गणपतीला सगळ्या घरची पोरं आली, हा नाही. कुणी काही बोललं की फुलाक्का अंगावर धावून जायची, "माझं प्वार हाय!" पण त्यानंतर ती रात्री दाराला कडी लावायची बंद झाली, हे शेजारच्यांनी मला सांगितलं.

वखारीत पोरांची धमाल चालली होती. लहानगी आरशात बघून आपलं तोंड रंगवत होती, थोरली समोरासमोर बसून एकमेकांची नाकं वाकडी काढत होती. शेवटी शिल्पाबाईंनी झेंडूचे हार वाटले. "ज्याचा चेहरा आवडला, त्याला घाला!"

माझ्या डोक्यात सणक गेली. काही बोलणार, तोवर पोरं पांगलीसुद्धा. केशरची मयूरी स्टुलावर चढून टाळ्या पिटत ओरडली, "आज्जे, बघ! मी मामाला घातला!"

आम्ही वळलो. भिंतीवर लखू. हातभर उंचीचा, चौकटीत, गळ्यात झेंडूचा हार.

फुलाक्का ओरडली नाही. खाली बसली, आणि मर्तिकाला सोडतात तसा अंबाडा सोडला. केस खांद्यावर आले. मग शिल्पाबाईंकडे बघून साध्या आवाजात म्हणाली, "बाय, कवा मेलं माझं प्वार? मला कुणी सांगितलं का न्हाई?"

मयूरीच्या टाळ्या थांबल्या. माझं तोंड सुटलं. "जिवंत माणसांना हार घालायला लावताय? कुठल्या गावच्या तुम्ही?"

शिल्पाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "मेला? नाही हो! दिवाळीनंतर मी स्वतः काढलंय हे. इथंच, ट्रक थांबतात तिथं. चांगला हसत होता."

"हतंच?" फुलाक्का उठली. "रामनगरात? जीपनं घटकाभराची वाट, आणि घरला आला न्हाई?"

ह्या धक्क्यानं ती पहिल्यापेक्षा जास्त हलली. मेला म्हटल्यावर बसली होती. जिवंत आहे म्हटल्यावर तिला भिंत धरावी लागली.

मग ती चित्राच्या अगदी जवळ गेली. "डावा हात का झाकलाय ह्यानं?"

शिल्पाबाई ब्रश गोळा करायला लागल्या. मी दरडावलं, तेव्हा म्हणाल्या, "गोव्यात यंत्रात दोन बोटं गेली. मला म्हणाला, हात काढू नका, ओळखीचं कोणी बघेल. भात लावायला हात लागतो, आईला आता आणखी एक तोंड पोसायला कशाला देऊ? मी नाव विचारलं तर सांगितलं नाही."

"मुडदा बशिवला त्याचा!" फुलाक्का कडाडली, आणि मला बरं वाटलं, कारण हा तिचा नेहमीचा आवाज होता. "एका हातानं दोन लेकरं वाढवली मी. ह्याला आठ बोटं कमी पडत्यात व्हय?"

मयूरी हुंदके देत होती. "आज्जे, मी चुकलं काय?"

"न्हाई गं बाय. तूच तर हुडकलास." तिनं हार काढला आणि नातीच्याच गळ्यात घातला. शिल्पाबाई चित्र उतरवायला लागल्या, तर म्हणाली, "राहू दे. चार लोकं बघतील. कोण तरी वळखंल."

तिथून ट्रकच्या थांब्यावर गेलो, प्रत्येक ड्रायव्हरला विचारलं. होता म्हणे. मग कुठल्या तरी गाडीबरोबर गेला. अजून पत्ता नाही.

म्हणून हे लिहितेय. बेळगाव-गोवा रस्त्यावर, हॉटेलात, गोदामात, बांधकामावर, सावळा, रुंद कपाळाचा, डावा हात खिशात घालून उभा राहणारा पोरगा दिसला, तर त्याला सांगा की आई कडी लावत नाही. आणि सांगताना तेवढं त्याच्या हाताकडे बघू नका.