गोयी काहून सोडली?

माणसं नावानं ओळखली जातात, हा साऱ्या नागपूरचा समज आमच्या शेजारच्या काकांनी एकट्यानं खोटा पाडला. जरीपटक्यात औषधाच्या दुकानात उभा जन्म काढलेल्या या माणसाला जग फक्त गोळ्यांवरून आठवे. गल्लीतले निवृत्त हेडमास्तर म्हणजे 'बीपीची अर्धी' आणि त्यांची बायको 'थायरॉईड, उपाशीपोटी'. एका लग्नात वाढप्यानं जिलबी पुढे केली, तर "जेवणाआधी का नंतर?" असं विचारून त्यांनी त्याला पार गांगरवलं होतं.

मी होतो 'पाय कडक'. बुटीबोरीच्या कारखान्यात शिडीवरून पडलो, मणक्याला मार बसला आणि पाय लाकडासारखे ताठ राहू लागले. स्नायू सैल करणारी गोळी सुरू झाली. पाय वाकू लागले, पण दिवसभर गुंगी. मुलीच्या बोलण्याला 'हं' म्हणता म्हणता मी घोरायचो. शेवटी वैतागून, बायकोला न सांगता, गोळ्या एकदम बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका पेपर न्यायला आले. मी तापानं फणफणलो होतो, पाय झटके देत होते, अंगभर खाज आणि समोरच्या भिंतीवर मुंग्यांच्या रांगा. "व्हायरल दिसतो, काका," बायको म्हणाली. मी बोट दाखवत होतो त्या भिंतीकडे काकांनी पाहिलं. तिथं एकही मुंगी नव्हती. त्यांनी सरळ माझ्या उशीखाली हात घातला आणि न फोडलेली पाकिटं बाहेर काढली.

"गोयी काहून सोडली गा?"

"झोप येते."

"अन् आता कायमची आली तर?"

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंची वाटच अडवली. "मॅडम, यानं पाय सैल करायची गोयी एका झटक्यात बंद केली हाय." बाईंनी मला दोन प्रश्न विचारले आणि एकदम धावपळ उडाली. गोळी पुन्हा सुरू झाली, मुंग्या हळूहळू गेल्या. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," बाई नंतर म्हणाल्या.

मग त्यांनीच गोळी बेताबेतानं, आठवडे मोजत कमी करत आणली. काका रोज येऊन माझा गुडघा वाकवून बघत. जरा ताठ लागला की मला न विचारता बाईंना फोन: "पुढं कमी करू, का थांबू इथंच?" मी चिडलो की म्हणत, "जिना उतरून राहिला तू. गच्चीवरून उडी नको मारू."

उन्हाळ्यापर्यंत गोळी निम्म्यावर आली. एका दुपारी मुलीनं मला अख्खी गोष्ट वाचून दाखवली आणि मी शेवटपर्यंत जागा होतो. कूलरसमोर खुर्चीत काकांना मात्र डुलकी लागली होती. मान छातीवर, मनगटं काडीसारखी. इतके म्हातारे ते मला कधी दिसलेच नव्हते. बायको चहाला उठवायला आली, तिला मी हातानंच थांबवलं. वॉकर धरून उठलो आणि त्यांच्या नाकावरून घसरलेला चष्मा अलगद काढून ठेवला.