ताईचा रंग आणि कमी पडलेला उजेड

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर बाबांनी ताईचा स्थळासाठी फोटो काढला, तेव्हा मागे पांढरीशुभ्र भिंत होती आणि थंडीतलं लख्ख ऊन. फोटो आला त्यात ताईचं तोंड काळंठिक्कर. नाक-डोळेसुद्धा सापडेनात. "इतकी काही काळी नाहीये माझी पोर," म्हणत आईने तिला करोल बागेतल्या एका स्टुडिओत नेलं. तिथल्या फोटोग्राफरने एवढा उजेड ओतला, की ताई गोरी झालीच, शिवाय हनुवटीवरचा तीळही गेला. आई खूश.

आमची ताई सावळी नव्हे, चांगली काळी. ते सांगताना ती कधी चाचरली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. नोएडात नव्याने निघालेल्या एका चॅनेलमध्ये ती नोकरीला लागली होती. तिथल्या कॅमेरामनला तिने बाबांनी काढलेला फोटो दाखवला आणि संध्याकाळी घरी येऊन आईला समजावलं, "हा अंडरएक्सपोज झालाय. म्हणजे फिल्मला उजेड कमी मिळाला. भिंत इतकी पांढरी, की कॅमेऱ्याला वाटलं उजेड भरपूर आहे, म्हणून त्याने कमीच आत घेतला. काळं असणं वेगळं आणि न दिसणं वेगळं, आई."

रविवारी तिने ऑफिसातून मागून आणलेला कॅमेरा माझ्या हाती दिला आणि बाबांचा करडा स्वेटर स्वतःच्या तोंडापुढे धरला. "आधी यावर उजेड माप. करडा ना काळा ना पांढरा, त्यावर कॅमेरा फसत नाही. मग कॅमेऱ्यावरचं काही फिरवू नकोस, यार." मी मापलं, स्वेटर खाली आला, मी बटण दाबलं. त्या फोटोत ताई होती तेवढीच काळी होती, आणि तीळ, भुवया, हसू आवरताना गालाला पडणारी घडी, सगळं स्वच्छ दिसत होतं. इतका देखणा फोटो आमच्या घरात दुसरा नव्हता.

तोच फोटो तिने पुण्याहून नोएडाला आलेल्या एका इंजिनिअरच्या घरी पाठवला. "हातचं स्थळ घालवशील," आई म्हणाली. आणि गेलंच. मंडळींना गोरी मुलगी हवी होती.

नकार आला त्या दिवशी आई जेवायला उठेना. ताईने तिचं ताट वाढलं आणि समोर बसली. "स्टुडिओतली त्यांना पसंत पडली असती गं. पण नांदायला तर मीच गेले असते ना?"

आईने ताट पुढे ओढलं. जेवली. मग हात धुऊन मला म्हणाली, "त्या स्वेटरवाल्या फोटोच्या आणखी प्रती काढून आण. आणि दुकानदाराला बजाव, उजळ करायचा नाही."