भिंतीवरची यादी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — माझ्या लेकीलासुद्धा नाही. वहीत लिहायलाही इतकी वर्षं हात धजला नाही.

भूकंपात गावचं घर गेलं आणि मी लातूरला आले. एका मोठ्या शिकवणीच्या क्लासमध्ये झाडू मारायला लागले. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही, म्हणून क्लासच्या मालक सरांनी मला टेलिफोनच्या बोर्डावर बसवलं. बाहेरून फोन आला की आतल्या टेबलाला जोडून द्यायचा. भोकरचे कोण, मुरुडचे कोण, कुणाची पोरगी कोणत्या वर्गात — नाव विचारावंच लागायचं नाही. चारचौघांत तोंड न उघडणारी मी, फोनवर कधी अडखळले नाही. त्याचा गर्व होता. आहे.

मग नांदेडहून सविता आली. विष्णुपुरीला शिकलेली इंजिनिअर, पहिलीच नोकरी. तिला आमचे फोन कॉम्प्युटरला जोडायचे होते — ज्या टेबलावर घंटी वाजेल, तिथल्याच पडद्यावर मुलाची सगळी माहिती उघडणार. "फोनच्या पेटीची आन् कॉम्प्युटरची बोलायची रीत एक झाली पायजे, मावशी," ती सांगायची. मला एवढंच कळलं — मग माझं काय काम?

जोडणी झाली. पण घंटी वाजायची प्रवेशाच्या टेबलावर आणि माहिती उघडायची हॉस्टेलच्या पडद्यावर. तीन दिवस ती पोर जेवणखाण सोडून त्यातच. तिची चूक नव्हतीच. भिंतींना रंग दिला तेव्हा त्या दोन फोनच्या तारा एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. कोणता नंबर कोणत्या टेबलाचा, ती यादी मात्र भिंतीवर जुनीच टांगलेली. मी डोक्यातल्या डोक्यात बदल करून घेतला होता — कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

ती वेळ आली. तिनं यादीवर बोट ठेवून विचारलं, "मावशी, ही बरोबर हाय ना?"

काय अवघड होतं? नुसतं न्हाई म्हणायचं होतं.

मी "हाव" म्हणाले.

चौथ्या दिवशी सर सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "न्या बाई तुमचा हा कॉम्प्युटरचा डबा. आमच्या मावशीला त्याच्यापेक्षा जास्त कळतंय!" सगळे हसले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजली. मी तर आतून फुलले होते.

मग सरांनी तिच्या नांदेडच्या ऑफिसला फोन लावायला सांगितला — या पोरीला पुन्हा पाठवू नका, म्हणून. सविता माझ्यासमोरच वायरी गुंडाळत होती. मी फोन लावून दिला.

पुढं बारा वर्षं मी त्या खुर्चीवर होते. एकही फोन चुकीच्या माणसाला जोडला नाही — याचा अभिमान मला आजही वाटतो. सविताच्या साहेबांना लावलेला तो फोनही बरोबर त्यांनाच लागला होता.