केडगावच्या ओढ्याचं वळण

आमच्या नगरकडे ओढा आठ महिने कोरडा असतो. बैलगाड्या त्यातूनच जायच्या, म्हणून लोक त्याला सरळ वाटच म्हणतात. मीही म्हणत आलो. पण प्लॉटचे नकाशे काढून पोट भरणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. केडगावच्या मागची एक जमीन मी ऐन मे महिन्यात मोजली. ओढ्यात चाकोऱ्या दिसल्या, मी कागदावर रस्ता काढला. एका ठिकाणी ओढा वळत होता, ते वळणही पट्टी लावून काढून टाकलं. चौकोनी प्लॉट लवकर खपतात. वर शहाणपणा असा, की त्या वळणातलाच प्लॉट थोरल्या बहिणीला घ्यायला लावला.

मग एका वर्षी परतीचा पाऊस आला. भरदुपारी रस्त्यावरून पाण्याचा लोंढा निघाला आणि जुन्या वळणाशी वळून थेट आक्काच्या स्वयंपाकघरात शिरला. मी पोचलो तेव्हा ती ज्वारीचं भिजलेलं पोतं एकटीच ओढत होती. मला तिच्याकडे बघवेना.

भिंत उंच करा, असं शेजारी म्हणू लागले. भिंतीने पाणी फक्त पुढच्या घरात गेलं असतं. त्याच सुमारास शहराच्या नव्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या होत्या. मी ठरवलं, ओढा वळणासकट नकाशावर परत आणायचा आणि उघडा ठेवायचा. पण त्यात आक्काचं स्वयंपाकघर आणि मागची खोली जाणार होती. तिचीच सही असली तरच हरकतीला वजन येणार होतं.

हरकतीचा कागद वाचून तिने तो स्वतःकडेच ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी तिने बोलावून घेतलं आणि टेपचं टोक स्वतः धरलं.

“मोज. किती जातंय ते बगू दे मला.”

मोजलं. ओटा, देवघर, सगळंच जात होतं.

“दोन खोल्या उरत्यात. बास हायेत.”

“आक्का, नीट विचार कर.”

“तू केल्तास तवा?” म्हणत तिने सही केली. ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं, मंजूर नकाशा चुकीचा कशावरून? मी उभा राहिलो. “मीच काढलाय, साहेब. ओढा डोळ्यांसमोर होता, मी रस्ता दाखवला.” यापुढे कुणी काम देणार नाही हे ठाऊक होतं.

मागून एक प्लॉटवाला म्हणाला, “ह्याचं काय जातंय बोलायला?”

आक्का उठली.

“त्याचं काय जात न्हाई. घर माझं जातंय, आन् ते द्यायला मी आलीय. आता बोला तुमी.”