अरविंदने विचारलं होतं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. डॉ. अरविंद टेंभेकर जाऊन आता महिना उलटला. त्यांच्यावर आदराने लिहून आलं. मलेरियाच्या औषधांवरचं त्यांचं काम, बस्तरकडची शिबिरं, सगळं. एका लेखात मात्र एक वाक्य होतं... एका रुग्णाच्या बाबतीत त्यांची चूक झाली आणि त्यांनी ती मोठ्या मनाने कबूल केली. तो रुग्ण माझा मुलगा मुकुंद. आणि चूक त्यांची नव्हती.

अरविंद माझा शाळेपासूनचा मित्र. आमचं हे बस्तरकडचं राज्य तेव्हा नवंनवं झालं होतं, इथल्या समता कॉलोनीत त्याचा दवाखाना होता, आणि मलेरियाच्या एका नव्या औषधाची चाचणी त्याच्या देखरेखीखाली सुरू व्हायची होती. एका जातीचा मलेरिया लिव्हरमध्ये दडून बसतो आणि पुन्हा उलटतो. त्याला मुळातून काढणारी जुनी गोळी चौदा दिवस घ्यावी लागे; लोक मधेच सोडून देत. कमी दिवसांत काम करणारं औषध हवं, हा त्याचा ध्यास. पण गोळी जुनी असो की नवी, एक धोका होताच. काही पुरुषांच्या रक्तात जन्मतः एक उणीव असते, ती आईकडून येते. त्यांना ही गोळी दिली की रक्तातल्या पेशी फुटतात, लघवी काळी होते. त्याची तपासणी तेव्हा इथे सहज होत नसे, म्हणून अरविंद प्रत्येक घरी आधी विचारायचा.

मुकुंद तापाने पडला होता आणि नेमकी त्याच दिवशी गोंदियाची मंडळी आमच्या मुलीला, शुभाला पाहायला आली होती. बैठकीत पोह्यांच्या बश्या फिरत होत्या. अरविंद आतून मुकुंदला तपासून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रमेश, मले सांग, वहिनीच्या माहेरी मलेरियाच्या गोळीनं कोणाले काळी लघवी झाली होती काय?"

झाली होती. हिच्या भावाला, अभनपूरला. नवऱ्या मुलाचे वडील बशी हातात धरून माझ्याकडे पाहत होते.

"नाही बा," मी म्हणालो.

"पक्कं?"

"डॉक्टर हायेस का पोलीस?"

सगळे हसले, तोही हसला. ही दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. ती खाली बघत राहिली.

अरविंदने मुकुंदला ती जुनी गोळी सुरू केली. पुढे दोन-तीन दिवसांतच मुकुंदने मला न्हाणीतून हाक मारली. लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे. दवाखान्यात त्याला रक्त चढत होतं आणि अरविंद खाटेजवळून हलत नव्हता. मला मुकुंदच्या जिवाची भीती होती, आणि तेवढीच भीती याची होती की हा आता मला विचारेल. त्याने विचारलंच.

"मी विचारलं होतं ना बे तुले? का मीच विसरलो?"

शुभाचा साखरपुडा तोंडावर आला होता. "आठवत नाही," मी म्हणालो.

मुकुंद वाचला. अरविंदने चाचणीतून अंग काढून घेतलं. "एका घरी विचारायला विसरलो, तर शंभर घरी काय करीन?" एवढंच म्हणाला. औषधाचं काम दुसऱ्यांनी पुढे नेलं. तो उरलेली वर्षं रक्ताची ती तपासणी खेड्यापाड्यांत पोचावी म्हणून फिरत राहिला. शुभाला मुलगा झाला, तेव्हा हिने मला न विचारता तिला सगळं सांगून टाकलं. अरविंदकडे दर वेळी बोलायचं ठरवून जायचो... मुकुंद बरोबर असला की अरविंद खुर्चीतून उठून उभा राहायचा. मी पावसापाण्याचं बोलून परत यायचो.

तेरवीला गेलो, निदान अरविंदच्या बायकोला, वहिनींना सांगायचं म्हणून. जेवणं आटोपल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"वहिनी, तुम्हाला एक..."

त्यांनी माझा हात धरला. "भाऊजी, मले ठाऊक हाय. तुमच्या पोट्ट्याचा जीव जात होता, तरी तुम्ही यांना कधी एका शब्दानं बोलला नाहीत. 'रमेशनं मले माफ केलं,' शेवटपर्यंत म्हणत होते."

मी होकारार्थी मान हलवली.