बंद न करता येणारं मशीन

कारंज्याजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. कापसाची गाडी आली की कोणाचा माल, वजन किती, भाव काय, सगळं एका जुन्या सर्व्हरवर चढायचं. तो सर्व्हर वजनकाट्यामागच्या खोलीत होता आणि माझं टेबलही तिथेच. खोलीला खिडकी होती, पण कापसाची धूळ आत नको म्हणून तिच्यावर प्लायवूड ठोकलेलं.

बायको पुण्यात एका दवाखान्यात नर्स. लग्न झाल्यापासून ती तिकडे आणि मी इकडे. मलाही एकदाचं पुण्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये काम मिळालं, दिवाळीनंतर हजर व्हायचं ठरलं. आता एकत्र राहू, एवढंच दोघांच्या डोक्यात होतं. शेटजींना सांगितलं तर म्हणाले, "जाय ना बापा, म्या काय तुले बांधून ठेवलं? नवीन मशीन आण, सारं त्याच्यात टाक अन् खुशाल जाय."

बोलणं रास्त होतं. मी लगेच अकोल्याच्या व्यापाऱ्याला ऑर्डर दिली. आणि तिथेच घोडं अडलं. मालच नव्हता. हार्ड डिस्क म्हणा, मेमरी म्हणा, एआयवाल्यांची मोठमोठी सेंटरं आधीच उचलून नेत होती आणि उरल्यासुरल्याचा भाव रोज चढत होता. "तुमच्या जिनिंगले कोण इचारते, भाऊ?" व्यापारी म्हणाला. मी अशाच सेंटरात कामाला चाललोय हे ऐकल्यावर तर त्याला हसू आवरेना. "मंग तिथूनच घेऊन या ना दोन-चार."

खंडेनवमीला मी कामरगावला आईकडे गेलो. जाताना सगळ्यांना बजावलं होतं की सर्व्हरला हात लावायचा नाही. त्याच्या डिस्क वर्षानुवर्षं अखंड फिरत होत्या. अशा डिस्क एकदा थांबल्या की पुन्हा फिरतीलच याचा भरवसा नसतो. पण खंडेनवमीला फॅक्टरीत एकही मशीन चालू ठेवत नाहीत. सगळी बंद करून पुसायची, हळदकुंकू लावायचं, हार घालायचा, हा तिथला रिवाज. परत आलो तर सर्व्हरवर झेंडूचा हार, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, आणि खोलीत चिडीचूप. मी हबकलोच.

"काहून बंद केलं?" मी फॅक्टरीच्या मिस्त्रीवर ओरडलो.

"साऱ्या मशिनीले आराम देल्ला, मंग त्यालेच कायले राबवायचं?" तो म्हणाला. "सणाचा दिवस व्हता, भाऊ."

त्याच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला धड भांडताही येईना. सर्व्हर चालू केला तर दोन डिस्क मुक्या. एक गेली तर काम निभतं, दोन गेल्या तर सगळंच जातं. एक काढून, हळूच ठोकून परत बसवली तेव्हा कुरकुरत फिरली. दुसरी मेलीच, म्हणजे आता आणखी एक गेली की सगळं संपलं. बॅकअप होता, पण तो उघडायला तसंच मशीन हवं. आणि कापसाचा हंगाम दारात उभा.

तेव्हापासून मी त्या खोलीत अडकलो. लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत जीव मुठीत. डबा तिथेच खायचा, दुपारची डुलकीही तिथेच. कारंज्याला केस-दाढी करायला गेलो तरी अर्ध्या दाढीवर फोन यायचा. हमाल मला मशीनचा घरजावई म्हणू लागले. आधी मीही हसायचो. मग त्या खोलीचा, त्या घरघरीचा मला असा संताप यायला लागला की टेबलावर मूठ आपटायचो, आणि लगेच घाबरून डिस्कचे दिवे बघायचो.

पुण्याच्या लोकांनी एकदा मुदत वाढवून दिली. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा तिथल्या मॅडमनी कारण विचारलं. डिस्क मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांना ती थाप वाटली. "आमच्याकडे तर कालच ट्रक उतरला," त्या म्हणाल्या. जागा दुसऱ्याला गेली.

बायको सुरुवातीला फोनवर खूप भांडली. मग हळूहळू 'कधी येता' हे विचारणंच तिने सोडलं. तिने समजून घेतलं असं मला वाटलं, आणि बरंही वाटलं.

उन्हाळा लागता लागता नवीन मशीन आलं. सगळं त्याच्यात चढवलं, तपासलं, आणि जुना सर्व्हर मी माझ्या हाताने बंद केला. शेटजींनी पेढा दिला. "आता मोकळा झाला तू," म्हणाले. मी अंगणात पळत येऊन बायकोला फोन लावला. नोकरी दुसरी बघू, पुण्यात काय कमी आहे, मी येतोय, असं एका दमात सांगून टाकलं.



"या ना, नाही कोण म्हणते," ती म्हणाली. "पण राहसान कुठी? आपल्यासाठी पाहून ठेवली व्हती ते खोली म्या दिवाळीपासून एकटीनंच धरून ठेवली. मागच्या महिन्यात सोडली. आता दवाखान्यातल्या तिघी जणी मिळून राहतो आमी."